अवेळी रक्तस्राव : एका खुणेचा इतिहास

मराठीत दोन वाक्प्रचार अगदी शेजारी नांदतात. स्त्रीला नको तेव्हा स्राव होऊ लागला की 'अंगावरून जाते' असे म्हणतात. आणि दुखणे कुणाला न सांगता, औषधपाणी न करता सहन करत राहण्याला 'अंगावर काढणे' म्हणतात. हे दोन्ही वाक्प्रचार एकाच बाईच्या बाबतीत वापरण्याची वेळ आपल्या समाजात फार वेळा आली आहे. 'अंगावरून जात होते, पण तिने ते अंगावर काढले' हे वाक्य किती घरांत बोलले गेले असेल, याची मोजदाद नाही.

दोन पाळ्यांच्या मधे होणारा, शरीरसंबंधानंतर होणारा किंवा पाळी कायमची गेल्यानंतर पुन्हा दिसणारा रक्तस्राव ही वैद्यकाला फार जुन्या काळापासून माहीत असलेली खूण आहे. ती ओळखायला दुर्बीण लागत नाही, रसायन लागत नाही. ती त्या बाईला स्वतःलाच दिसते. मग खूण दिसल्यापासून तपासणी होईपर्यंत महिने आणि वर्षे का जातात? अंतर हे एक कारण आहेच. पण ते एकमेव नव्हे. भिवंडीसारख्या शहरात उपजिल्हा रुग्णालय गावातच आहे आणि मुंबईची मोठी रुग्णालयेही फार दूर नाहीत. तरीही घरी कांड्या भरून नगावर मजुरी मिळवणारी बाई एक दिवस खाडा करून 'थोडेसे लाल दिसले' म्हणून तपासणीला जाईलच, असे कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. या विलंबाची कारणे आणि तो कमी करण्यासाठी महाराष्ट्रात झालेले प्रयत्न यांचा इतिहास आपण या लेखात पाहू. या इतिहासात शाळेचा संबंध कोठे येतो, हे बार्शीच्या हकिकतीपर्यंत आल्यावर ध्यानात येईल.

पाळी आणि पाळीबाहेरचे रक्त

इतिहासाकडे वळण्यापूर्वी शरीरात काय घडते ते थोडक्यात पाहू. अंडाशयातून स्रवणाऱ्या इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे गर्भाशयाचा अंतःस्तर जाड होतो. अंडे बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक तो अंतःस्तर टिकवून धरते. गर्भ राहिला नाही तर दोन्ही संप्रेरकांची पातळी उतरते, अंतःस्तराला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या आकसतात आणि तो स्तर रक्तासह गळून पडतो. हीच पाळी. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत प्रौढ स्त्रीमध्ये साधारण २४ ते ३८ दिवस जातात. स्राव ८ दिवसांपेक्षा जास्त लांबत नाही. एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते. ८० मिलिलिटरच्या वर गेले तर ते जास्त मानतात.

म्हणजे पाळीचे रक्त हा ठरलेल्या क्रमाचा शेवट असतो. या क्रमाबाहेर रक्त दिसले, तर त्याचा उगम वेगळा असू शकतो. त्याची कारणे अनेक आहेत आणि त्यांतील बहुतेक गंभीर नाहीत. काही स्त्रियांना अंडे बाहेर पडण्याच्या सुमारास, संप्रेरकाची पातळी क्षणभर उतरल्यामुळे, एखादा ठिपका दिसतो. गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्यावर पहिले काही महिने, गोळी चुकल्यावर किंवा तांबी बसवल्यानंतर असा स्राव होतो. पाळी नुकती सुरू झालेल्या मुलींमध्ये आणि पाळी जाण्याच्या वयात अंडे दर महिन्याला बाहेर पडत नाही, त्यामुळे क्रम विसकटतो. थायरॉइडचा बिघाड, गर्भाशयमुखावरचा किंवा आतला मोड, गर्भाशयातील गाठ, जननमार्गाचा जंतुसंसर्ग ही आणखी काही कारणे.

दोन कारणे मात्र दिरंगाईला जागा देत नाहीत. एक, गर्भ. पाळी चुकली असताना किंवा दिवस गेल्याची शक्यता असताना पोटात दुखून रक्त दिसणे हे गर्भपाताचे किंवा गर्भनलिकेत रुजलेल्या गर्भाचे लक्षण असू शकते. नलिका फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन काही तासांत जीव जाऊ शकतो. दुसरे, कर्करोग. गर्भाशयमुखावर वाढणाऱ्या कर्कपेशींच्या गाठीत नव्या रक्तवाहिन्या तयार होतात. त्या नाजूक असतात आणि गाठीचा पृष्ठभाग स्पर्शाने सहज फाटतो. म्हणूनच शरीरसंबंधानंतर रक्त दिसणे ही या रोगाची ठळक खूण आहे. गर्भाशयाच्या अंतःस्तराच्या कर्करोगात पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसते.

कोणते रक्त कशाचे, हे नुसत्या वर्णनावरून ठरवता येत नाही; तपासावे लागते. या विषयाच्या इतिहासाचा गाभा हाच आहे.

नोंद जुनी, पण तपासणी नाही

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात 'असृग्दर' या विकाराचे वर्णन आहे. असृक् म्हणजे रक्त. पाळीत प्रमाणाबाहेर जाणाऱ्या रक्ताबरोबरच ऋतुकाळ सोडून एरवी जाणाऱ्या रक्ताचाही त्यात समावेश केलेला आहे. चरकसंहितेत या विकाराला 'प्रदर' म्हटले आहे, आणि 'रक्तप्रदर', 'श्वेतप्रदर' हे शब्द आपल्या वैद्यांच्या तोंडून घराघरांत पोहोचले. म्हणजे अवेळी रक्त जाणे हा विकार आहे, नेहमीची पाळी नव्हे, हा भेद आपल्या परंपरेला अपरिचित नव्हता.

परंतु ग्रंथात नोंद असणे वेगळे आणि बाईने ते कोणाजवळ बोलणे वेगळे. घरात पाळीला 'विटाळ' म्हणत, 'कावळा शिवला' म्हणत. पाळीचे दिवस म्हणजे बाजूला बसण्याचे दिवस. अशा घरात पाळीबाहेर रक्त दिसले तर ते सांगणे म्हणजे पुन्हा विटाळ ओढवून घेणे. शिवाय सांगायचे ते पुरुष वैद्याला किंवा डॉक्टरला, आणि तेही बहुधा नवऱ्याच्या किंवा सासूच्या मार्फत. आतून तपासणी करून घेणे तर दूरच राहिले.

कल्याणहून अमेरिकेला

ही अडचण जाहीरपणे मांडणाऱ्या पहिल्या मराठी स्त्रियांपैकी एक भिवंडीच्या शेजारचीच. भिवंडीहून उल्हास नदी ओलांडली की कल्याण लागते. तेथील जोशी घराण्यातील यमुना, म्हणजे लग्नानंतरच्या आनंदीबाई गोपाळराव जोशी, यांचा जन्म १८६५ सालचा. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांचा होऊन गेला. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूर येथे केलेल्या भाषणात, आपण डॉक्टर होण्यासाठी अमेरिकेला का जात आहोत, हे त्यांनी लोकांसमोर सांगितले. हिंदुस्थानातील स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडून तपासून घेण्यास संकोचतात, म्हणून येथे स्त्री डॉक्टर हव्यात, असा त्यांचा मुद्दा होता. मार्च १८८६ मध्ये त्यांनी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी मिळवली. पण प्रत्यक्ष काम सुरू करण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले.

त्याच सुमारास मुंबईत हाच प्रश्न संस्थेच्या रूपाने सोडवण्याचा प्रयत्न चालू होता. सोराबजी शापूरजी बंगाली आणि जॉर्ज किट्रेज यांनी स्त्री डॉक्टर इंग्लंडहून आणण्यासाठी निधी उभा केला. पेस्तनजी कामा यांच्या देणगीतून स्त्रिया व मुलांसाठीचे कामा रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झाले आणि डॉ. एडिथ पीची यांनी तेथे काम पाहिले. डॉ. रखमाबाई यांनीही १८९४ मध्ये लंडनहून वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून सुरत व राजकोट येथे स्त्रियांसाठी दीर्घकाळ सेवा केली.

बाईला तपासणारी बाई मिळाली, ही पहिली पायरी झाली. पण रुग्णालये शहरात होती, आणि तेथवर जाण्यासाठी आधी घरात बोलावे लागत होते.

बोलण्याची किंमत

बोलण्यासाठी शब्द लागतात. मराठीत शरीराच्या या भागांबद्दल एकतर शिव्या होत्या किंवा संस्कृत ग्रंथांतले शब्द. साध्या माणसाने साध्या प्रसंगी वापरावेत असे शब्द फारसे नव्हते. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवले. संततिनियमन, गुप्तरोग आणि लैंगिक आरोग्य यांविषयी त्यात सरळ मराठीत लिहिलेले असे. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. शरीराच्या अवयवांची नावे मराठीत घेण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली, हे लक्षात घेतले म्हणजे खेड्यातली बाई गप्प का राहिली, याचे आश्चर्य वाटत नाही.

गडचिरोलीतील मोजणी

स्वातंत्र्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्रे निघाली, परिचारिका गावोगाव फिरू लागल्या. पण स्त्रीच्या आरोग्याचा विचार मुख्यतः बाळंतपण आणि कुटुंबनियोजन यांपुरता होत राहिला. गरोदर नसलेल्या बाईला काय होते, याची मोजदादच नव्हती.

ती डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यात केली. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० मुली व स्त्रियांची मुलाखत, शारीरिक तपासणी आणि प्रयोगशाळेतील चाचण्या असा तो अभ्यास होता. रुग्णालयात आलेल्या रुग्णांवर तो आधारलेला नव्हता. गावात राहणाऱ्या, हिंडत्याफिरत्या स्त्रियांवर आधारलेला होता. जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या ब्रिटिश नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. निष्कर्ष धक्कादायक होते. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग किंवा लैंगिक मार्गाने होणारा रोग होता. सरासरीने एका स्त्रीला ३.६ विकार होते. तक्रार असल्याचे सांगणाऱ्या मात्र ५५ टक्केच होत्या. आणि पूर्वी कधीतरी आतून तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या केवळ ८ टक्के.

शेवटचे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. निम्म्याहून अधिक जणींना काही ना काही त्रास जाणवत होता, पण तपासणी झालेली बाई बारा जणींत एक. या दोन आकड्यांमधली दरी म्हणजेच 'अंगावर काढणे'. त्याआधी तो केवळ वाक्प्रचार होता; आता त्याला माप मिळाले.

बार्शीचा धडा

त्याच काळात सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे वेगळ्याच कारणाने एक काम सुरू झाले होते. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आश्रयाने १९८७ मध्ये ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील ३४६ खेडी तिच्या कक्षेत होती. ग्रामीण लोकसंख्येवर आधारलेली ही देशातील पहिली नोंदणी.

मुंबईत नोंदणी करायची तर रुग्णालयांचे कागद पाहिले की काम भागते. बार्शीत तसे होईना, कारण खेड्यातील कित्येक रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नव्हते. म्हणून नोंदणीचे कार्यकर्तेच गावात जाऊ लागले. ते डॉक्टर नव्हते. ते लोकांना भेटत, कर्करोगाच्या धोक्याच्या खुणा समजावून सांगत, अशी खूण असलेल्या व्यक्तीला तपासणीसाठी बार्शीला येण्यास प्रवृत्त करत आणि पुढे तिच्या उपचारांचा पाठपुरावा करत. या भागातील स्त्रियांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग गर्भाशयमुखाचा होता आणि त्याची मुख्य खूण म्हणजे अवेळी रक्तस्राव.

थोड्याच वर्षांत एक गोष्ट आकड्यांत दिसू लागली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या चार अवस्था मानतात. पहिल्या अवस्थेत रोग गर्भाशयमुखापुरता असतो. दुसऱ्या अवस्थेत तो बाहेर पडतो, पण कटीच्या भिंतीपर्यंत पोहोचलेला नसतो. तिसऱ्या अवस्थेत तेथवर पोहोचतो. चौथ्या अवस्थेत मूत्राशय, गुदाशय किंवा दूरचे अवयव सापडतात. सुरुवातीच्या अवस्थेत शस्त्रक्रियेने किंवा किरणोपचाराने रोग बरा होण्याची आशा चांगली असते. शेवटच्या अवस्थेत फार थोडी. बार्शीच्या नोंदणीत, सुरुवातीच्या अवस्थेत निदान होणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढलेले आढळले. कस्तुरी जयंत, भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा निष्कर्ष १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडला.

या काळात नवे औषध निघाले नव्हते, गावोगाव यंत्रे बसवली नव्हती. बदलले होते ते एवढेच, की खूण कशाची आहे हे बाईला कुणीतरी समजेल अशा भाषेत सांगितले आणि कोठे जायचे तेही सांगितले. ज्ञान हेच येथे उपचाराचे पहिले साधन ठरले. शाळेचा संबंध येतो तो येथेच. जे काम बार्शीच्या बिगर-डॉक्टर कार्यकर्त्यांना जमले, ते शिक्षकालाही जमण्यासारखे आहे.

खुणेच्याही आधी

तरीही या धड्याला एक मर्यादा आहे आणि विज्ञानाच्या शिक्षकाने ती स्पष्टपणे पाहिली पाहिजे. रक्त दिसते तेव्हा कर्करोग बहुधा झालेला असतो. खुणेची वाट पाहणे म्हणजे काही प्रमाणात उशीर करणेच. खूण दिसण्यापूर्वी रोग हुडकता येईल काय?

ग्रीसमध्ये जन्मलेले आणि न्यूयॉर्कमध्ये काम करणारे जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी गर्भाशयमुखाजवळच्या सुट्या पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर कर्करोगाचे बदल आधीच ओळखता येतात, असे दाखवले. हर्बर्ट ट्रॉट यांच्यासह लिहिलेले त्यांचे निबंध १९४१ आणि १९४३ मध्ये प्रसिद्ध झाले. पाश्चात्त्य देशांत या 'पॅप' चाचणीच्या प्रसाराने मृत्यू पुष्कळ कमी झाले. पण तिला तरबेज पेशीतज्ज्ञ, प्रयोगशाळा आणि पुन्हापुन्हा तपासणी लागते. दुसरी, स्वस्त पद्धत म्हणजे गर्भाशयमुखाला ३ ते ५ टक्के ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरसारखे द्रावण, लावून पाहणे. बिघडलेल्या पेशींत प्रथिने जास्त असतात. ती आम्लाने साकळतात आणि तो भाग पांढरा दिसतो. तिसरी पद्धत विषाणूची. हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने १९८३ मध्ये मानवी पॅपिलोमा विषाणूचा १६ क्रमांकाचा प्रकार या कर्करोगात शोधून काढला आणि २००८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या कर्करोगाच्या जवळजवळ सर्व रुग्णांत हा विषाणू सापडतो. संसर्गापासून कर्करोगापर्यंत साधारणपणे १० ते २० वर्षे जातात.

या तिन्ही पद्धतींची कसोटी पुन्हा बार्शीच्याच गटाने, फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे आर. शंकरनारायणन यांच्यासह, शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात घेतली. १९९९ मध्ये सुरू झालेल्या या प्रयोगात ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया होत्या आणि त्यांच्या गावांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे चार गट केले होते. तीन गटांना एकेक चाचणी, चौथ्या गटाला नेहमीच्या सेवा. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे असे : विषाणूची चाचणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांत १२७ कर्करोग सापडले, त्यांपैकी ३९ पुढच्या अवस्थेतले, आणि ३४ मृत्यू झाले. चाचणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांत ११८ कर्करोग, त्यांपैकी ८२ पुढच्या अवस्थेतले, आणि ६४ मृत्यू. कर्करोगांची संख्या जवळपास सारखी, पण रोग सापडण्याची वेळ वेगळी आणि मृत्यूंची संख्या जवळजवळ निम्मी. पॅप चाचणीने आणि ॲसेटिक आम्लाने या प्रयोगात मृत्यूंत ठोस घट दिसली नाही. मात्र मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा स्मारक रुग्णालयाच्या सुरेंद्र शास्त्री यांच्या गटाने, दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन, दर दोन वर्षांनी ॲसेटिक आम्लाची तपासणी केली, तेव्हा या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तो निष्कर्ष २०१३ मध्ये जाहीर झाला.

या आकड्यांवर एक नैतिक आक्षेपही घेतला गेला आहे आणि तो वर्गात चर्चेला घेण्याजोगा आहे. चाचणी उपयोगी पडेल अशी अपेक्षा असताना हजारो स्त्रियांना चाचणीविना ठेवून त्यांच्यातील मृत्यू मोजणे योग्य होते काय? त्या भागात एरवीही कोणतीच चाचणी उपलब्ध नव्हती आणि तुलनेशिवाय कोणती पद्धत कामाची हे कळले नसते, असे संशोधकांचे म्हणणे. आक्षेप घेणाऱ्यांच्या मते पॅप चाचणीचा उपयोग जगात आधीच सिद्ध झालेला होता. वाद मिटो न मिटो, ते ६४ मृत्यू आपल्याच खेड्यांतल्या बायकांचे होते, आणि त्यातून मिळालेले ज्ञान वापरण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

आज काय करता येईल

२०२२ च्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे १,२७,००० नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ८०,००० स्त्रिया त्याने दगावल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये या रोगाच्या उच्चाटनाचा कार्यक्रम जाहीर केला. त्यात मुलींना वयाच्या १५ वर्षांपर्यंत लस, ३५ व ४५ वर्षांच्या सुमारास चाचणी आणि रोग आढळल्यास उपचार अशी तीन उद्दिष्टे आहेत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली भारतीय लस जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शनानुसार ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी ॲसेटिक आम्लाची तपासणी व्हावी, असे अपेक्षित आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. चाचणी ही त्रास नसलेल्या स्त्रीसाठी असते. ज्या स्त्रीला अवेळी रक्त दिसत आहे, तिने 'मागच्या वर्षी चाचणी चांगली आली' म्हणून स्वस्थ बसू नये. तिला डॉक्टरकडून प्रत्यक्ष तपासणी हवी.

कोणत्या वेळी किती घाई करावी, याचा ठोकताळा असा :

लगेच, त्याच दिवशी रुग्णालयात जावे — दिवस गेले असताना किंवा तशी शक्यता असताना रक्त दिसल्यास, विशेषतः पोटात किंवा खांद्यात दुखत असेल, घेरी येत असेल तर. तासाला एक याप्रमाणे सलग दोन तास पॅड किंवा कापड भिजत असल्यास. रक्तस्रावाबरोबर ताप आणि ओटीपोटात तीव्र वेदना असल्यास.

एकदोन आठवड्यांत तपासून घ्यावे — पाळी जाऊन वर्ष झाल्यावर रक्ताचा एक ठिपका दिसला तरी. शरीरसंबंधानंतर रक्त दिसल्यास. स्रावाला दुर्गंधी असल्यास.

पुढच्या काही आठवड्यांत दाखवावे — दोनतीन महिने लागोपाठ पाळीच्या मधे रक्त दिसल्यास. पाळी ८ दिवसांपेक्षा जास्त लांबत असल्यास. गर्भनिरोधक गोळ्या सुरू करून तीन महिने झाल्यावरही स्राव थांबत नसल्यास.

शाळेतील मुलींच्या बाबतीत पहिली दोनतीन वर्षे पाळी मागेपुढे होणे स्वाभाविक आहे. पण दर तासादोन तासांनी पॅड बदलावे लागणे, स्राव आठवडाभराहून अधिक चालणे किंवा चेहरा फिकट पडून धाप लागणे, हे 'या वयात असे होतेच' म्हणून सोडू नये. काही मुलींना रक्त गोठण्याचा जन्मजात दोष असतो आणि तो पहिल्यांदा पाळीतच उघड होतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. ज्या शरीरात रक्त मुळातच कमी, तेथे थोडा जादा स्रावही महाग पडतो.

भिवंडीत मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगू बोलणारी घरे एकाच गल्लीत असतात. त्यामुळे खूण समजावून सांगण्याचे शब्दही चार भाषांतले लागतील. शिक्षकांना तीन कामे सहज करता येतील. पहिले, मुलींना पाळीच्या तारखा दिनदर्शिकेवर मांडायला शिकवणे. पहिला दिवस, शेवटचा दिवस आणि मधे रक्त दिसल्यास तो दिवस, एवढी नोंद डॉक्टरला फार उपयोगी पडते. दुसरे, पालकसभेत, शक्य असल्यास आशा कार्यकर्ती किंवा परिचारिका यांना बोलावून, वरील ठोकताळा मातांना सांगणे. पाळी गेलेल्या आजीचा उल्लेख त्यात आवर्जून असावा, कारण तिच्याकडे कुणाचे लक्ष नसते आणि तिची खूण सर्वांत कमी दुर्लक्षिण्याजोगी असते. तिसरे, औषधाच्या दुकानातून परस्पर पाळीच्या गोळ्या आणून रक्त थांबवू नये, हे सांगणे. गोळीने रक्त थांबले तरी कारण तसेच राहते आणि निदान लांबते.

आरोग्याच्या तासाला हा विषय मुलग्यांसमोर घ्यावा काय, असे शिक्षक विचारतात. जरूर घ्यावा. मजुरीचा खाडा मान्य करणारा, रिक्षा बोलावणारा आणि बाईबरोबर रुग्णालयात जाणारा माणूस बहुधा नवरा, मुलगा किंवा भाऊ असतो. खूण त्यालाही माहीत असली, तर तिला ती एकटीने अंगावर काढावी लागणार नाही.